मुळीवरची उडी

विलास ठवकरांच्या डाव्या गुडघ्याला त्यांच्या बायकोने, शुभांगीबाईंनी, नाव दिलं होतं, जावईबापू. जरा मनाविरुद्ध झालं की रुसायचा, पायऱ्या दिसल्या की अडून बसायचा आणि त्याचा मानपान सांभाळता सांभाळता घरातल्यांचा दिवस जायचा. बाविसाव्या वर्षी एका सामन्यात ठवकर डाव्या बाजूने शॉट मारायला उठले आणि खाली आले ते एका पायावर. गुडघ्याच्या आतलं काहीतरी तुटल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला होता. त्याआधी दोन वर्षं ते राज्याच्या बास्केटबॉल संघात शूटिंग गार्ड होते, म्हणजे लांबून बास्केट करायची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. त्यानंतर त्यांनी नागपुरातल्या एका शाळेत पी.टी. शिकवली, घरासमोरच्या तुळशीनगर ग्राउंडवर संध्याकाळी पोरांना फुकट खेळवलं, आणि जो सापडेल त्याला त्या दोन वर्षांच्या गोष्टी सांगितल्या. बेचाळीस वर्षांत ऐकणारे बदलले, गोष्टी त्याच राहिल्या.

निवृत्तीनंतर त्यांना आणखी एक नाद लागला. ‘बेंच’ नावाचा ऑनलाइन खेळ. यात आपण बॉलला हात लावायचा नाही, आपण फक्त मॅनेजर. कोणाला काय शिकवायचं, कोणाला किती मिनिटं खेळवायचं एवढं ठरवून द्यायचं आणि वाट बघत बसायचं. आठवडाभराच्या ट्रेनिंगचा निकाल शुक्रवारी सकाळी सहाला लागतो. आकडा एका टिचभर वर सरकला तर तो आठवडा सार्थकी. या खेळाला चिकाटी लागते आणि रिकामा वेळ लागतो, आणि ठवकरांकडे दोन्ही पोत्याने होतं.

त्यांची एक खोड सगळ्या मॅनेजरांना माहीत होती. ज्या खेळाडूला घडवायचं तो त्या आठवड्यात सामन्याची पूर्ण चाळीस मिनिटं खेळला तरच त्याला शिकवलेलं पूर्ण लागू पडतं, असा नियम. शहाणे मॅनेजर थोडं शिकवतात, थोडं जिंकतात. ठवकर एका खेळाडूपायी अख्खा संघ बुडवायचे. तो दमला, चुकला, समोरच्याने तीस पॉइंटनी हाणलं, तरी त्याला बाहेर काढायचं नाही. त्यामुळे त्यांचे ‘तुळशीनगर टायगर्स’ कायम तळाला लोळत असायचे, पण त्यांच्या हाताखालचे शूटिंग गार्ड बघायला परदेशातून माणसं यायची.

“दिसत नाहीत त्या पोट्ट्यांना शिकवून राहिले तुम्ही,” शुभांगीबाई म्हणायच्या. “दिसतात त्यांच्यासाठी एक नवा बॉल आणा म्हटलं तर तेवढं होत नाही.”

दोन वर्षांपूर्वी, २०४१ च्या सुमारास, या खेळात जुळी आली, आणि नादाचं रूप पालटलं.

आधी ‘बेंच’मधला खेळाडू म्हणजे नुसती आकड्यांची पुरचुंडी होती. जुळं म्हणजे कुठल्यातरी खऱ्या पोराच्या शरीराची नक्कल. शहरांतल्या मैदानांवर आता कॅमेरे असतातच. माणूस धावतो, वळतो, उडी मारून उतरतो, तेव्हा त्याच्या कुठल्या सांध्यावर किती ओढ बसते हे वीस मिनिटांच्या चित्रणावरून काढता येतं. प्रत्येकाची धाव वेगळी, तशी प्रत्येकाची ओढही वेगळी. हाडाला हाड बांधून ठेवणारे जे अस्थिबंध, त्यांना खेळताना बारीक चिरा जातात. विश्रांती मिळाली की चिरा भरतात आणि बंध पहिल्यापेक्षा घट्ट होतो. विश्रांती कमी पडली, किंवा ओढ रोज त्याच जागी वाकडी बसली, तर चिरा साठत जातात आणि एक दिवस बंध तुटतो. हे गणित जुन्यांनाही माहीत होतं. नवं एवढंच झालं, की ते एकेका शरीरापुरतं अचूक मांडता येऊ लागलं. आठ वर्षांत चाळीस हजार खेळाडूंवर ते ताडून पाहिलं होतं. जुळ्याला जी दुखापत झाली ती दहापैकी नऊ जणांना खरोखर झाली, फार तर दोन-चार महिने पुढेमागे.

मग हे काम खेळणाऱ्यांच्या हाती का? तर एका शरीराला किती तऱ्हांनी घडवता येईल याला अंत नाही, आणि संगणक आपला सुरक्षित मधली वाट धरतो. लाखो हट्टी माणसं मात्र भलभलते प्रयोग करतात, आणि त्यातला एखादा असा लागतो की तज्ज्ञांनी तोंडात बोट घालावं. म्हणून बेंगळुरूच्या बास्केटबॉल प्रबोधिनीने अर्ज करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींची जुळी नावं बदलून ‘बेंच’ला दिली. खेळातलं एक वर्ष म्हणजे आपले दहा आठवडे. तीस आठवड्यांत जुळं अठराचं होतं. तेव्हा ज्याचा दर्जा ‘उत्तम’ भरतो त्या खऱ्या पोराला प्रबोधिनीत जागा, आणि जुळ्याला ज्या पद्धतीने घडवलं त्याच पद्धतीने पुढचं शिक्षण. अठराच्या पुढे काय होतं ते प्रबोधिनी बघत नव्हती. त्यांना आशियाई युवा स्पर्धेपुरते खेळाडू हवे असत, पुढच्यांसाठी पुढची खेप होतीच. आणि देशातला प्रत्येक संघ आता प्रबोधिनीच्या यादीतूनच माणसं उचलायचा.

मॅनेजरला अट एकच. जुळं कोणाचं आहे हे ओळखू आलं, तर ते लगेच परत करायचं.

जूनमध्ये ठवकरांच्या वाट्याला एक मुलगी आली. खेळातलं नाव दिया मेनन, वय पंधरा, शूटिंग गार्ड. सहाव्या आठवड्यात ते सामन्याचं चित्रण बघत बसले होते. शुभांगीबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि पडद्यासमोर थबकल्या.

“अहो, ही मुळी ओलांडून राहिली ना?”

“कसली मुळी? लाकडी मैदान आहे ते. आरशासारखं सपाट.”

“तेच म्हणते मी. सपाट आहे तर मग उडी काहून मारून राहिली?”

ठवकरांनी चित्रण मागे नेलं. डाव्या कडेने पोरगी बॉल घेऊन आली, थ्री पॉइंटच्या रेषेशी तिने पाय उचलला, जिथे काहीच नव्हतं तिथे काहीतरी ओलांडलं, डाव्या पायावर उतरली आणि उतरता उतरता शॉट मारला. अडवणारी अर्धा क्षण मागे राहिली. बॉल जाळीत. त्यांनी ते चार वेळा पाहिलं. चहावर साय धरली.

तुळशीनगरच्या ग्राउंडला डाव्या बाजूला कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या एका मुळीने थ्री पॉइंटच्या रेषेवरचं सिमेंट विताएवढं उचललं होतं. झाड तोडायला माणसं आली तेव्हा ठवकरच आडवे झाले होते, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात सावली सोडून खेळणार कोण? मग त्यांनी पोरांनाच मुळी ओलांडायला शिकवलं. “मुळी आली, उचला पाय!” ही आरोळी त्या मोहल्ल्यात रोज संध्याकाळी घुमायची. लहानपणी याच ग्राउंडवर ते स्वतः ती उडी शिकले होते. अडचणीतून काढलेली युक्ती म्हणून त्यांना तिचा कोण अभिमान! बाहेरगावचे संघ तिला ‘तुळशीनगरची उडी’ म्हणायचे.

आणि पंधरा वर्षांची, लांब हातांची, डाव्या कडेने येऊन अशी मारणारी पोरगी ग्राउंडवर एकच होती.

ईरा नंदेश्वर त्या संध्याकाळीही सगळ्यांच्या आधी आली होती. बॉलच्या पेटीची किल्ली तिच्याकडेच असायची. तिचं तोंड आणि हात बरोबरीने चालत.

“सर, माझं जुळं कोणाकडे असेल हो?”

“असेल कोणाकडे तरी. तू कोपर आत ठेव.”

“कोण्या ढ माणसाकडे नको जायला. आई दर शुक्रवारी देवापुढे उदबत्ती लावते, त्या मॅनेजरच्या नावानं. नाव माहीत नाही तर म्हणते, जो कोणी असेल त्याला सुबुद्धी दे.” ती हसली आणि बॉल रिंगमध्ये टाकला. “मी नाही हसत हं तिला. मीपण हात जोडते.”

ठवकरांनी शिट्टी तोंडात धरली, म्हणजे बोलावं लागलं नाही.

जुळं परत करायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण परत करून ते जाणार कोणाकडे? कोण कुठला माणूस, त्याला ही पोरगी म्हणजे यादीतलं एक नाव. इथे तिला उठता बसता ओळखणारा माणूस होता. आपल्या हातून एकतरी पोर वर जावं ही त्यांची जन्माची हौस, आणि देवाने ताट वाढून पुढे ठेवलं होतं. नियम पाळण्याइतका मोठेपणा त्यांना त्या दिवशी सुचला नाही, आणि पुढे त्यांनी स्वतःला तो सुचू दिला नाही.

मग त्यांनी आपली जुनी चाल धरली. दिया मेनन दर सामन्यात चाळीस मिनिटं. टायगर्स ओळीने नऊ सामने हरले. दर शुक्रवारी सहा वाजता आकडा सरकत होता आणि ठवकर बाथरूममध्ये गाणी म्हणत होते. खेळातलं दीड वर्ष सरता सरता जुळ्याचा आलेख असा चढला, की या गतीने ‘उत्तम’ कुठे गेलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधल्या दिवशी त्यांनी पहिली प्रत चालवली. प्रत्येक जुळ्यामागे मॅनेजरला अशा तीन प्रती मिळतात. आहे ते ट्रेनिंग असंच ठेवलं तर पुढे काय होईल, हे ती प्रत वर्षानुवर्षं पुढे धावून सांगते. ती फक्त मॅनेजरला दिसते. ठवकरांना अठराव्या वर्षाचा दर्जा बघायचा होता. तो आला, ‘उत्तम’. ते टाळी वाजवणार तेवढ्यात प्रत पुढे धावली आणि थांबली.

वय एकोणीस वर्षं दोन महिने. डावा गुडघा, मुख्य अस्थिबंध तुटला. खेळ समाप्त. कारण: डाव्या बाजूची उडी. एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो.

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग त्यांचा हात आपोआप जावईबापूवर गेला. बेचाळीस वर्षं ते सांगत आले होते की फरशीवर ओल होती, नशीब फुटकं निघालं. ओल नव्हती आणि नशीबही नव्हतं. मुळी होती. गजू ढोमणे, शैलेश, पारशिवनीची ती उंच भावना, शाळेच्या शिपायाचा मुलगा, ग्राउंडवर खेळवलेल्या पोरांचा एकेक चेहरा त्यांच्यापुढे येत गेला. चौघांचे गुडघे गेले होते आणि चौघांचेही डावे. त्यांच्या घरी जाऊन ठवकर सांत्वन करून आले होते.

दुसरी प्रत त्यांनी गुडघ्याचे जास्तीचे व्यायाम घालून चालवली. एकोणीस वर्षं सात महिने. तिसरीत उडीच काढून टाकली, दोन्ही पायांवर थांबून शॉट. तिशीपर्यंत गुडघा ठणठणीत. अठराव्या वर्षाचा दर्जा, ‘बरा’.

तिच्या खेळात जे सोनं होतं तेच तिला मोडणार होतं, आणि ते सोनं ठवकरांनीच तिच्या पायात घातलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी एक गवंडी बोलावला. जे चाळीस वर्षं कोणाला करू दिलं नाही ते त्याच्याकडून करून घेतलं. मुळी छिनीने तोडली आणि वर सिमेंट ओढून जागा सपाट केली. चार दिवसांनी पोरं खेळायला आली. एकेक जण डाव्या कडेने धावत आला आणि त्या जागी, काही नसताना, पाय उचलून गेला. ठवकर बाकावर बसून बघत राहिले.

“ईरा, इकडे ये. उद्यापासून उडी बंद. दोन्ही पायांवर थांब, मग मार.”

“काहून सर?”

“सांगितलं तेवढं कर.”

तिने पंचवीस मारले, पाच पडले. ती बॉल काखेत धरून उभी राहिली.

“हे नाही जमत सर. माझा हात उडीतच सुटतो. तुम्हीच तर शिकवलं.”

“मीच शिकवलं, मीच सोडवतो.”

“पण काहून? मुळीपण तोडली तुम्ही. तुमचं काय चाललंय काहीच समजून नाही राहिलं.” तिने खांदे उडवले, मागे गेली, डाव्या कडेने धावत आली आणि उडीतून शॉट मारला. जाळी नुसती फडफडली. “बघा! याला तुम्ही बंद करा म्हणता.”

त्या रात्री ठवकरांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शुभांगीबाई मेथी निवडत होत्या, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. जुळं कोणाचं, गुडघा कधी जाणार, कशाने जाणार.

“प्रबोधिनीला कळवून टाका ना,” त्या म्हणाल्या.

“कळवलं तर तिचं नाव तिथल्या तिथे काटतील. मोडणार हे माहीत असलेलं माणूस कोण घेतं?”

“आणि नाही कळवलं, चालू द्या तसंच, तर?”

“तर जाईल. तीन वर्षं खेळेल, देशाकडूनसुद्धा खेळेल. मग विसाच्या आत माझ्यासारखी जिना धरून चढेल. माझ्या हातानं करू मी हे? एकदा नकळत केलं, चार पोरांचं केलं. आता जाणूनबुजून?”

शुभांगीबाईंनी काडी मोडून बाजूला टाकली. “मग पोरीला विचारा.”

“पंधरा वर्षांची पोरगी काय सांगणार?”

“विचारल्याशिवाय कसं समजेल?”

“विचारलं तर खेळते म्हणेल ना ती!”

“म्हणजे तिचं उत्तर ठाऊक आहे तुम्हाला,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

ठवकरांनी विचारलं नाही. त्या शुक्रवारी त्यांनी दिया मेननच्या ट्रेनिंगमध्ये ‘चाल बदल’ निवडलं आणि उडी काढायला घेतली. आकडा घसरला. पुढच्या शुक्रवारी आणखी घसरला. ट्रेनिंग उरकल्यावर ते खिडकीशी उभे राहायचे. समोरच्या चाळीत नंदेश्वरांच्या खोलीत दिवा लागलेला असायचा, आणि तिथे कोणीतरी आपल्याच सुबुद्धीसाठी उदबत्ती लावत असेल हे त्यांच्या मनातून जायचं नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी त्यांनी ट्रेनिंग बदललं नाही.

एक विचित्र गोष्ट मात्र झाली. एका पोरीसाठी संघ बुडवायचं कारण उरलं नाही, त्यामुळे ते सगळ्यांना सारखं खेळवू लागले आणि टायगर्स जिंकायला लागले. जानेवारीत त्यांनी गट जिंकला. जगभरच्या मॅनेजरांनी अभिनंदन कळवलं. एकाने लिहिलं, ‘अखेर तुम्हाला शहाणपण आलं.’ ठवकरांनी खेळ बंद केला आणि त्या दिवशी ते ग्राउंडवरही गेले नाहीत.

निकाल ठरल्याप्रमाणे लागला. पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. तिसरा मजला, तरी ईराला दम लागलेला नव्हता. ती नेहमी दोन-दोन पायऱ्या गाळून यायची.

“नाही झालं सर,” ती म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण ती रडायचं ते घरी रडून आली होती. “‘बरी’ म्हणे. परत अर्ज नाही करता येत, सोळाच्या आत एकदाच असतो. आई म्हणते आता अकरावीचं बघ. पण हे पाहा.”

तिने फोन पुढे केला. निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला आपल्या जुळ्याचा आलेख मिळतो. आधी सतत चढत गेलेली रेघ, मग एका जागी कडा, त्याखाली ‘चाल बदल: उडी काढली’ अशी नोंद आणि तिथून उतार.

“या कोण्या गाढवाने माझी उडी काढून टाकली, सर! वर जाऊन राहिली होती मी. इथपर्यंत कोणीतरी जीव लावून शिकवलं, आणि मग काय झालं त्याला? कोणाला काय त्रास होता माझ्या उडीचा?”

शुभांगीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. ठवकरांना वाटलं, आता काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, पोर दोन महिन्यांत विसरेल. पण समोर तिने धरलेला आलेख होता आणि ‘जीव लावून’ हे शब्द तिने आत्ताच म्हटले होते.

“तो गाढव मी आहे,” ते म्हणाले.

तिला आधी वाटलं सर समजूत काढताहेत. मग त्यांनी सगळं सांगितलं. लाकडी मैदानावरची उडी, तीन प्रती, एकोणीस वर्षं दोन महिने. मुळी ओलांडायला कोणी शिकवलं आणि त्यांचा स्वतःचा पाय कशाने गेला तेही.  ऐकता ऐकता तिने आलेख बंद केला आणि फोन खिशात ठेवला.

“तुम्हाला दसऱ्यापासून माहीत होतं,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“आणि मी रोज येऊन राहिली होती ग्राउंडवर. रोज विचारून राहिली होती.”

“तुझा पाय वाचवला मी, बेटा. तुला आता राग येईल, पण पुढे...”

“दहापैकी नऊ म्हणता ना? दहावी मी असते तर?”

“असतीस तर माझी चूक झाली.”

“आणि नऊमधली असते? तरी मला किती वर्षं मिळाली असती?”

“तीन. तीनला थोडी जास्त.”

“तुम्हाला किती मिळाली होती?”

ठवकरांनी मान खाली घातली. “दोन.”

भिंतीवर राज्याच्या संघाचा फोटो होता. डावीकडून तिसरा, केसांचा झुबका असलेला, दोन्ही पायांवर ताठ उभा असलेला पोरगा. ईराने तो हजारदा पाहिला होता, त्यामागची प्रत्येक गोष्ट तिला पाठ होती. ती त्याच्याकडे बघूनच बोलली.

“या दोन वर्षांवर तुम्ही सगळा जन्म काढून राहिले, सर. आम्हाला तेच तर सांगितलं रोज. त्या वेळी तुम्हाला कोणी सांगितलं असतं, हा गुडघा जाणार आहे, घरी बस, तर नसते खेळले तुम्ही?”

ठवकरांनी तोंड उघडलं. खोटं बोलायला तेवढा एक क्षण होता, आणि शुभांगीबाई दारातून बघत होत्या. बेचाळीस वर्षं त्यांनी जिन्याला, थंडीला, डॉक्टरला आणि नशिबाला शिव्या दिल्या होत्या. त्या दोन वर्षांना एकदाही दिली नव्हती.

“खेळलो असतो,” ते म्हणाले.

“मग?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “गुडघा माझा होता, सर.”

तिने खिशातून बॉलच्या पेटीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि शुभांगीबाईंना “येते काकू” म्हणून जिना उतरून गेली. दोन-दोन पायऱ्या गाळल्याचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

 ठवकर जावईबापूला धरत धरत गॅलरीत आले. ग्राउंडवर कोणी नव्हतं. मुळी तोडल्यापासून कडुलिंबाची एक बाजू वाळायला लागली होती आणि खाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. ईरा खालच्या फाटकातून आत शिरली आणि घराकडे जायला ग्राउंड ओलांडू लागली. तिच्या हातात बॉल नव्हता, ती मान खाली घालून चालत होती. डाव्या कडेला थ्री पॉइंटच्या रेषेशी, सपाट सिमेंटवर, तिचा पाय उचलला गेला. काही नसलेलं ओलांडून ती डाव्या पायावर उतरली, थांबली, मागे वळून त्या जागेकडे एकदा पाहिलं आणि पलीकडच्या फाटकातून बाहेर पडली. गुडघा अगदी ठणठणीत होता.